चौदाव्या मजल्यावरचा माणूस

"हा माणूस तेवढा घालवा," गणराज म्हणाला आणि चित्रातल्या चौदाव्या मजल्यावर त्यानं नखानं टकटक केलं.

इंद्रायणीला आधी कळलंच नाही. पिंपळे सौदागरमधल्या साइटवरच्या बिल्डरच्या ऑफिसात, ह्या मॅनेजरच्या टेबलावर तिचं चित्र पसरलं होतं. निघोजे गावातल्या वर्कशॉपमध्ये ती मशीनच्या नावपट्ट्या आम्लात कोरते. तिथल्याच उरलेल्या जस्ताच्या पत्र्यावर तिनं घरासमोर उठणारा हा टॉवर कोरला होता. नवा स्लॅब टाकला की सुईनं नवा मजला ओढायचा, पत्रा पुन्हा आम्लात. दीड वर्ष. त्या पत्र्याचा हा पहिला छाप. आयुष्यातलं पहिलं गिऱ्हाईक.

"घालवू कशाला? रोज दुपारी तिथंच बसून डबा खायचा तो. पाय बाहेर सोडून. माझ्या गच्चीकडं बघून हात करायचा."

"आमच्या साइटवर असा कोणी नव्हता, मॅडम."

"अहो, तीन महिने बघितलाय मी!"

"रजिस्टरला नाही. म्हणजे नव्हता." गणराज हसला. "पट्टा नाही, हेल्मेट नाही. दोन रेघा तर आहेत. पत्रा आणलाय ना? घासा इथंच. चारही लॉबींत लावतो तुमचं चित्र."

मागच्या सोमवारपासून तो दिसला नव्हता. गावाकडं गेला असेल, असं तिनं धरलं होतं.

"पडला?"

गणराजनं फोन कानाला लावला. फोन वाजलाच नव्हता.

"नाव काय त्याचं?"

"मॅडम, परवा लोकांना ताबा देतोय. मूड घालवू नका."

माणूस मेला ह्याचं त्याला काही नव्हतं. चित्रात राहिला, ह्याचं होतं.

इंद्रायणीनं कागद गुंडाळला, पत्रा काखेत मारला. "नाही विकायचं मला."

"अडवलंय कोणी? मोबाइलवर फुकट मिळतात असली चित्रं!"

फाटकावर खंडू होता. पाया खोदला तेव्हापासूनचा इथला वॉचमन. आत जाताना तिनं चित्र आधी त्यालाच दाखवलं होतं.

"काका, चौदाव्या मजल्यावरचा तो पडला, ठाऊक होतं तुम्हाला? नाव काय त्याचं?"

"व्हय." खंडू खाली बघत म्हणाला. "नाव मलाबी ठावं न्हाई. डब्यातलं लोणचं खाल्लंय मी त्याच्या." मग हळूच म्हणाला, "आजून दोघं हायेत, बाई. तुमच्या चित्रात न्हाईत."

इंद्रायणीनं पत्रा त्याच्या स्टुलावर ठेवला. पर्समधून सुई काढली.

"कुठं?"

खंडूनं आधी ऑफिसच्या दाराकडं बघितलं. मग बोट वर केलं. "त्यो कोपरा. सहावा मजला."

तिनं सहाव्या मजल्यावर दोन रेघा ओढल्या. रेघा वाकड्या आल्या.

"आणि दुसरा?"

"त्यो तुमाला बाहेरनं दिसायचा न्हाई. खड्ड्यात पडला. वर काढलाच न्हाई, तसंच काँक्रीट वतलं." खंडूचं बोट खाली आलं. "आता त्याच्यावर लिफ्ट चालती."