फारसं नाही

“डॉक्टरांना तुम्ही नेमकं काय म्हणालात? शब्द आठवतात?” वकीलबाईंनी विचारलं.

हे तिसरं ऑफिस. आधीच्या दोघांनी केस घ्यायला नकार दिला होता, तोही इतक्या गोड शब्दांत की कर्स्टीच त्यांचे आभार मानून बाहेर पडली होती. आज दोन बस बदलून ती लीड्सला आली होती. सोबत सात वर्षांची टिली आणि टिलीच्या कुबड्या. आता तिला कुठेतरी नुसती पाठ टेकायची होती.

“ही लंगडते म्हणून सांगितलं. सात महिन्यांत तीनदा गेले मी. तिन्ही वेळा तेच डॉक्टर, तेच उत्तर. वाढीच्या वयात पाय दुखतातच, गोळी द्या. चौथ्या वेळी दुसऱ्या डॉक्टर भेटल्या, त्यांनी एक्स-रे काढायला लावला. तोवर खुब्याचं हाड चपटं झालं होतं. आधी कळलं असतं तर कदाचित वाचलं असतं म्हणतात.”

मिसेस ऑर्मरॉड साठीच्या होत्या, इथल्याच, यॉर्कशायरच्या. कर्स्टीने दवाखान्यातून मागून आणलेलं, डॉक्टरांच्या नोंदींचं पाकीट त्यांनी उघडलं. ते उघडून वाचायचा धीर कर्स्टीला झाला नव्हता.

“पहिली भेट. ‘आई म्हणते, तुमचा वेळ घेतेय त्याबद्दल माफ करा, मुलगी जराशी लंगडते.’ दुसरी भेट. ‘आई म्हणते, तसं बरं चाललंय, झोप थोडी कमी.’ थोडी कमी म्हणजे किती हो?”

“रात्ररात्र रडायची. मी मांडीवर घेऊन बसायचे.”

“मग हे का नाही सांगितलंत?”

“कसं सांगणार?” कर्स्टी म्हणाली. बाहेर माणसं खोळंबलेली, डॉक्टर बिचारे दमलेले, त्यात आपलं रडगाणं कुठे गायचं? आमच्याकडे, या यॉर्कशायरात, घराला आग लागली तरी माणूस बंबवाल्यांची आधी माफी मागेल आणि मग पत्ता सांगेल. वर या स्वभावाचं आम्हालाच भारी कौतुक. मला मात्र हल्ली त्याचा संताप येतो.

“लंगडणारी पोर समोर असून तपासणी केली नाही, हा मुद्दा आपल्या बाजूचा आहे,” मिसेस ऑर्मरॉड म्हणाल्या. “पण तिसऱ्या भेटीत डॉक्टरांनी मुलीलाच विचारलंय. ‘दुखतं का? मुलगी म्हणते, फारसं नाही.’ आपलं घोडं इथे अडतं. त्यांचा वकील पहिल्यांदा हीच ओळ वाचून दाखवेल.”

“त्यांनी मनाने लिहिलं असेल ते,” कर्स्टी म्हणाली. “आदल्या रात्री ही पहाटेपर्यंत जागी होती. ती असं कशाला म्हणेल?”

मिसेस ऑर्मरॉड चष्मा काढून टिलीकडे वळल्या. टिली कडक खुर्चीच्या कडेवर बसली होती. बशीतलं एक बिस्किट तिने खाल्लं होतं, दुसऱ्याला हात लावला नव्हता. तिचे ओठ पांढरे पडले होते आणि खुर्चीची कड तिने दोन्ही मुठींत घट्ट धरली होती.

“काय गं राणी, आत्ता दुखतंय का?”

“फारसं नाही,” टिली हसून म्हणाली. “थँक यू.”

कर्स्टीने तिच्या मुठींकडे पाहिलं. मग तिला दवाखान्याचं दार आठवलं. प्रत्येक वेळी आत जाण्याआधी ती टिलीच्या जॅकेटची चेन नीट करायची आणि तेच सांगायची. शहाण्या मुलीसारखं वागायचं हं. डॉक्टरांना छळायचं नाही. कर्स्टीच्या आईनेही तिला लहानपणी हेच शिकवलं होतं. आज खाली लिफ्टमध्येसुद्धा तिने चेन नीट केली होती.

ती खुर्चीवरून उठून टिलीसमोर गुडघ्यांवर बसली. “टिली, बाळा, मला खरं सांग. किती दुखतं?”

टिलीने आधी वकीलबाईंकडे पाहिलं, मग आईकडे. मग आईच्या कानाशी तोंड नेऊन तिने हळूच विचारलं, “आता सांगितलं तर चालेल?”