चौथी भरपाई

"आधी पाय कोमट पाण्यात ठेवायचे, दहा मिनिटं. मग अंगठ्याचं नख सरळ कापायचं. कोपऱ्यात कात्री घालायची नाही, ते नख आत वळतं."

तो दमलेला आवाज असुंताला पाठ होता. न्यायालयाबाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या तिने ते शब्द पुन्हा एकदा मनात म्हणून घेतले, जपमाळेचे मणी ओढावेत तसे. उद्या शनिवार. शनिवारी तिला पालमिराच्या पायांची नखं कापायची असत.

पालमिरा समोरच बसली होती, काळ्या पोशाखात, सुजलेले पाय पुढे सोडून. दीड वर्षापूर्वी तिचा एकुलता एक मुलगा कातेल्लो असुंताच्या गल्लीत परांचीवर काम करत होता. भर दुपारी, सगळं नेपल्स जेवून आडवं झालेलं असताना, परांची कोसळली. फळ्यांखाली सरपटत त्याच्यापाशी पोचली ती एकटी असुंता. रुग्णवाहिकेला त्या अरुंद गल्लीत शिरायला पाऊण तास लागला. ती आली तेव्हा तो गेलेला होता.

त्या पाऊण तासाचा साक्षीदार असुंताशिवाय कोणी नव्हता.

पालमिराचा वकील इम्पारातो तिच्याशेजारी येऊन टेकला.

"दोन्ना असुंता, पुन्हा एकदा समजावतो. बांधकाम कंपनीकडून अंत्यविधीचा खर्च मिळेल. आई त्याच्या पगारावर जगत होती, त्याचं मिळेल. आईच्या दुःखाचं म्हणून काही मिळेल. पण मोठी आहे ती चौथी भरपाई. आपण मरतोय हे माणसाला कळत असेल, तर त्या यातनेचे पैसे न्यायालय देतं, आणि ते आईला जातात. जागच्या जागी गेला असेल, तर नाही."

"डॉक्टरांनी काय लिहिलंय?"

"दोन्ही शक्य आहे म्हणतात. म्हणून तर सगळं तुमच्यावर. कण्हला, एवढं म्हणा. हात दाबला म्हणा."

"पोलिसांना जे सांगितलं तेच सांगणार, वकीलसाहेब. मी शपथेला बांधलेली बाई आहे."

पालमिराचा भाऊ अनिएल्लो भिंतीला टेकून उभा होता. तो हसला.

"रोज सकाळी चर्चमध्ये मिस्सा, रोज संध्याकाळी जपमाळ. स्वर्गातली तुमची खोली कधीच ठरलीय, दोन्ना. माझ्या बहिणीला इथे तळमजल्यावर एक मिळू द्या की. चार मजले, लिफ्ट नाही. ईस्टरपासून ती बाजारात गेलेली नाही. आज तिला खुर्चीसकट खाली उतरवलंय आम्ही."

"अनिएल्लो, गप बस," पालमिरा म्हणाली.

"का गप? कोणाचा गळा काप म्हणतोय का मी तिला? एकदा कण्हू दे म्हणतोय."

भाजीवाल्याने चुकून जास्त सुटे दिले तर असुंता परत द्यायला जाई, हे गल्लीला माहीत होतं. मिस्सेत मात्र गेलं दीड वर्ष ती प्रसादासाठी उठत नसे; कबूल न केलेलं पाप मनात असताना तो घ्यायचा नसतो. सगळे रांगेत जात, ही बाकावरच. गुडघे गेले बिचारीचे, असं बायका म्हणत.

आतून पुकारा झाला.

न्यायाधीश बाई तरुण होत्या. चष्म्यावरून पाहत त्यांनी विचारलं, "तुम्ही पोचलात तेव्हा तो जिवंत होता?"

"नाही, बाईसाहेब."

"काही बोलला? हालचाल?"

"काही नाही. झोपल्यासारखा होता."

"मग पाऊण तास तिथे काय करत होतात?"

"हात धरून बसले होते."

"मेलेल्याचा?"

"एकटं कसं सोडायचं?"

"तुमच्या एका शब्दावर काय अवलंबून आहे, कल्पना आहे ना? खात्रीने सांगताय?"

"खात्रीने."

बांधकाम कंपनीच्या वकिलाने आपल्याला काही विचारायचं नाही म्हणून सांगितलं आणि फाईल बांधून टाकली. इम्पारातो छताकडे बघत राहिला.

बाहेर अनिएल्लोने असुंताला वाट करून दिली, टोपी काढून, खाली वाकून. "या, संतीणबाई. माझी बहीण तुमच्या नावाने मेणबत्ती लावेल. चौथ्या मजल्यावरून."

पालमिराने मात्र तिचा हात दोन्ही हातांत धरला.

"रोज डोळा लागायच्या वेळेला मनात यायचं, असुंता. फळ्यांखालून त्याने मला हाक मारली असेल का."

"नाही मारली."

"दुखलं असेल का त्याला?"

"नाही, पालमिरा."

पालमिराचे खांदे खाली आले. दीड वर्षात पहिल्यांदाच ती नीट टेकून बसली.

"चौथा मजला तर चौथा मजला," ती म्हणाली. "झोप तरी लागेल." मग थोड्या वेळाने, "उद्या येतेस ना? आधी आपली साधी ओळखही नव्हती, आणि एक शनिवार चुकवला नाहीस तू. नर्सकडून कापलं की आठवडाभर ठणकायचं. तुझ्या हाताने नाही ठणकत. कातेल्लो कापायचा तस्संच."

"येते."

शनिवारी असुंता मिस्सेला गेली. सगळे उठले, ती बाकावर बसून राहिली. घरी येऊन तिने टब, टॉवेल आणि कात्री घेतली, आणि गुडघ्यावर हात ठेवत पालमिराचा जिना चढायला लागली. पहिल्या मजल्यावर ती थांबली नाही. दुसऱ्यावरही नाही. तिसऱ्यावर दम खायला कठड्याला टेकली आणि नेहमीसारखं सगळं पहिल्यापासून मनात म्हणून घेतलं, एक शब्द गाळायचा नाही म्हणून.

आधी पाय कोमट पाण्यात, दहा मिनिटं. मग अंगठ्याचं नख, सरळ. कोपऱ्यात कात्री नाही. "आणि दोन्ना, आईने विचारलं तर सांगा, मला काही कळलंच नाही. कोणीही विचारलं तरी. शपथ घ्या."