गुरुजीचा कागद

बबिताचं पत्र श्रावणात आलं होतं. दिवाळी सरत आली तरी रामकिसन गुरुजींनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. सौताड्याच्या दरीचा कठडा धरून उभं असताना ते पत्र त्यांना पुन्हा आठवलं आणि खालच्या पाण्यावरची नजर त्यांनी काढून घेतली.

"अगदी अमेरिकेतल्या कॅनियनसारखं आहे ना, बाबा?" आदिनाथ मोबाइल फिरवत म्हणाला. सुट्टीला पुण्याहून आलेल्या मुलाने वडिलांना गाडीतून बालाघाट दाखवायचं मनावर घेतलं होतं. सकाळी नायगावच्या अभयारण्यात मोर पुष्कळ ओरडले, दिसला एकच. आता ही दरी. शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकं देण्याघेण्यात गुरुजींचा जन्म गेला. आपल्याच जिल्ह्यातली ही दरी त्यांनी वाचली होती, पाहिली नव्हती.

"छान आहे," ते म्हणाले. मग धीर करून म्हणाले, "घरी जाताना शिरूरवरून जाऊ. त्याच्या अलीकडे एका वस्तीवर पाच मिनिटं थांबायचंय."

पत्रात फार काही नव्हतं. 'गुरुजी, माझ्या थोरल्या अंजूला पंधरावं लागलं. सोयरीक आली आहे. लग्न करावं का शिकवावं? तुम्ही दोन ओळी लिहून पाठवा.' बबिता म्हणजे त्यांच्या शाळेत मधल्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून पुस्तक उघडणारी पोर. गुरुजींनी तीनदा उत्तर लिहायला घेतलं. पहिलं चार पानं झालं. दुसरं उपदेशासारखं वाटलं. तिसऱ्या वेळी वाटलं, सांगणारे आपण कोण? सहा महिने दुसऱ्याच्या फडात ऊस तोडणाऱ्यांचं आपल्याला काय कळतं? कागद फाडून टाकला. आज मात्र तोंडानेच सांगायचं होतं: शिकवा, पोरीला आमच्या घरी ठेवा. गाडीत ते हे एवढंच वाक्य घोकत बसले. आदिनाथ घाटाच्या वळणांचं कौतुक करत होता.

वस्तीवर घरांना ओळीने कुलपं होती. दारांपुढे काटेरी बोराट्या लावलेल्या. एकाच अंगणात एक म्हातारी बाजरीची कणसं बडवत बसली होती. बबिताची सासू, साखराबाई.

"बबिता आहे का?"

"कारखान्याला गेली. समदी वस्तीच गेली. तुमी कोण?"

"मी तलवाड्याच्या शाळेतला. ग्रंथालयातला. रामकिसन."

म्हातारीचा हात थांबला. "पुस्तकवाले गुरुजी? मंग आता कशापायी आलात?"

"यंदा कारखाने उशिरा सुरू होणार, असं पेपरात आलं होतं. वाटलं, अजून असतील."

"मुकादमाचा ट्रक काय पेपर वाचून येतो व्हय?"

गुरुजी ओशाळले. "आणि अंजू?"

"तीबी गेली. नवऱ्यासंगं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी देवळात उरकलं. त्या पोराला जोडी पायजे हुती. मुकादम आगाऊ पैसं देताना एकट्याचा अर्धा कोयता धरतो, जोडप्याचा पुरा."

गुरुजी अंगणातल्या दगडावर बसले. "मी लिहिणारच होतो, बाई. पण काय सांगावं हे ठरेना."

"तुमाला कोण ठरवाया सांगितलं हुतं?" साखराबाईने कणीस खाली ठेवलं. "तिचं ठरलंच हुतं. पोरगी शिकवायची. लई भांडली. पर घरात बाईचं कोण ऐकतंय? म्हनली, गुरुजीचा कागद येऊ द्या, मंग बोला. माझ्या पोरानं, लखननं पाव्हण्यांना दीड म्हैना थांबिवलं त्या कागदापायी. ही रोज पोस्टमनच्या वाटंवर उबी. शेवटी लखन म्हनला, गुरुजीचंबी आपल्यावानीच मत दिसतंय. नसतं, तर माणूस लगीन करू नगा म्हनून कळवीत न्हाई व्हय? मंग तीबी गप बसली."

"बाबा, उन्हं उतरली," आदिनाथने गाडीतून हाक दिली. गुरुजींना ती ऐकू आली नाही.

घरातून एक मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन आली. अंगावर शाळेचा गणवेश होता.

"ही धाकटी," म्हातारी म्हणाली. "बारावं चालू हाय. अंजूच्या दिराचा डोळा हाय हिच्यावर. पुढच्या वर्साचं बोलणं आत्ताच झालंय."

गुरुजींनी पाणी घेतलं नाही. खिशातून पेन काढलं. "मी आत्ता लिहून देतो. इथंच."

"हातातला कागद नगं. लखन म्हनंल, म्हातारीनं रस्त्यावरच्या कुणाकडून तरी लिहून घेतला. पोस्टानं येऊ द्या. त्येच्यावर शिक्का पायजे. गुढीपाडव्याला लखन कारखान्यावरनं आला की म्या देते त्याच्या हातात." कणीस पुन्हा उचलत ती म्हणाली, "अन् लई लिहू नका. त्येला वाचाया कट्टाळा येतो."

शिरूरचं पोस्ट बंद व्हायला थोडा वेळ होता. गुरुजींनी पाकीट नि कोरा कागद घेतला आणि खळ सांडलेल्या टेबलावर उभ्यानेच लिहायला सुरुवात केली. 'धाकटीचं लग्न करू नका, तिला शिकायला माझ्या घरी ठेवा.' ही एक ओळ झाली. दुसरीला पेन अडलं. आदिनाथ दारात येऊन पुन्हा गाडीकडे गेला. मग गुरुजींनी लिहिलं, 'अंजूच्या लग्नाला माझं मत नव्हतं.' खाली सही केली, कागद पाकिटात घातला, वर लखनचं नाव लिहिलं आणि ते खिडकीतून आत दिलं.

"शिक्का जरा स्पष्ट मारा," ते म्हणाले.

"शिक्का कोण वाचतंय, काका?" कारकून हसला. तरी त्याने शाईवर दोनदा घासून शिक्का जोरात आपटला. तारीख स्वच्छ उमटली.