सहाव्या वहीतलं पान

"एवढं एकच पान काढ गो बाय. बाकी सगळं ठेव तुमच्याकडे."

गुणवंतीआजींनी पिशवीतून कात्री काढून टेबलावर ठेवली. नेत्राने घाईघाईने सहावी वही स्वतःकडे ओढून घेतली. रत्नागिरीच्या त्या वाचनालयात जुनी कागदपत्रं तिच्या ताब्यात असत, आणि कात्री तर ती टेबलाजवळही येऊ देत नसे.

पूर्णगडाहून रिक्षातून आलेल्या चौदा कात्रणवह्या टेबलावर होत्या. आजींचे यजमान, मेजर हरिश्चंद्र, म्हणजे पूर्णगडच्या एका तांडेलाचा, होडीवरच्या म्होरक्याचा, मुलगा. ते लष्करात पूल बांधत. तिथून परतल्यावर सरकारी जलवाहतूक खात्यात अधिकारी झाले आणि किनाऱ्यावर जेट्या बांधू लागले. त्या सगळ्या नोकरीच्या या वह्या. प्रत्येक कात्रण ओळंब्यात लावल्यासारखं सरळ. खळीत मोरचूद घातलेलं, म्हणून चाळीस वर्षांत कसरीने एक भोक पाडलेलं नाही. नेत्राने पुण्यामुंबईतले संग्रह पाहिले होते. अशी शिस्त तिला कुठे भेटली नव्हती.

"आजी, वही घेतली तर पुरी घेतो आम्ही. पान कापलेली नाही."

"मग ही वही परत घेऊन जातंय मी." आजींनी पानावरच्या फोटोवर बोट ठेवलं. पूर्णगडाची जेटी, आणि तिच्यावरून खुशाल वाहणारी खाडी. "मला वाचता येत नाय. पण ह्याच्यावर काय लिवलंय ते पाठ हाय. बाजारात बायका मोठमोठ्याने वाचीत नि हसत. माणूस गेला, आता तरी हसू नये कोणी."

मथळा ठळक होता : तांडेलाच्या मुलाला भरती कळेना!

नेत्राने कात्रणाखाली चिकटवलेला कागद पाहिला. बारीक, सैनिकी अक्षर.

"खाली काय लिहिलंय, माहीत आहे?"

"असंल काय तरी सरकारी."

नेत्राने वाचायला सुरुवात केली. "बातमी खरी आहे. चूक माझी. जेटीची उंची मी भांगाच्या दिवसांत येऊन ठरवली. तेव्हा भरती कमीच असते, हे मला कळायला हवं होतं. उधाणाचं पाणी कुठवर चढतं हे माझ्याच घरात माहीत होतं. रोज पहाटे मासळीची पाटी घेऊन किनाऱ्यावर उतरणाऱ्या माणसाला मी विचारलं नाही. बातमी आल्यावर विचारलं. तिने सांगितलं, आणखी अडीच हात. पौर्णिमेला उभा राहून मोजलं. अडीच हातच. नवी जेटी त्या मापाने."

आजी खुर्ची ओढून जवळ सरकल्या.

"खाली अंगठा आहे," नेत्रा म्हणाली. "माहिती देणार, गुणवंती."

तिने पुढच्या वह्या भराभर उलटल्या. बुरोंडीपर्यंतच्या प्रत्येक जेटीच्या पानावर कुणा ना कुणा म्हाताऱ्या तांडेलाचा किंवा मासळीवालीचा अंगठा होता, आणि शेजारी त्यांनी सांगितलेलं माप. एवढा मोठा अधिकारी दर वेळी आधी वाळूत जाऊन बसला होता, विचारायला. नेत्राला त्या न पाहिलेल्या माणसाचं फार कौतुक वाटलं.

"परत वाच," आजी म्हणाल्या.

तिने परत वाचलं. आजींनी पदराने डोळे पुसले आणि एकदम हसल्या.

"आणि अंगठा घेताना मला सांगितलंनी, रेशनकार्डाचा कागद हाय म्हणून!"

नेत्राही हसली. मग जपून विचारलं, "मग आजी, पानाचं काय करायचं? काढायचं?"

आजींनी दोन्ही तळवे वहीवर दाबून धरले.

"हात तर लावून बघ त्या पानाला!"