मुळांवरच्या गाठी

थोरल्या दिरांनी न विचारता माझ्या शेतातलं हरभऱ्याचं झाड उपटलं आणि मुळांवरच्या टपोऱ्या गाठी चाचपल्या. बांधापलीकडे त्यांचा हरभरा पिवळा पडला होता.

"काय घातलंस गं?"

सासऱ्यांनी मरताना विहिरीत आम्हाला अर्धा वाटा दिला, तेव्हा खोलीत मी आणि हे थोरले दीरच होतो. वाटणीच्या दिवशी मी ते सांगितलं, तर चार माणसांसमोर म्हणाले, "ही बाई खोटारडी आहे." विहीर त्यांना गेली, मला हा कोरडवाहू तुकडा मिळाला.

मी काहीच लपवलं नाही. "मुळांना या गाठी धरल्या की पीक हिरवं राहतं. त्यासाठी जिवाणू खत गुळाच्या पाण्यात कालवायचं, पेरणीआधी बियाण्याला चोळायचं आणि सावलीत वाळवायचं. उन्हात जिवाणू मरतात."

ते डोळे बारीक करून बघत राहिले. माझा शब्द त्यांना पटला नव्हता. मला तेच हवं होतं.

पुढच्या पेरणीला त्यांच्या अंगणात भर उन्हात खत चोळलेलं बियाणं पसरलेलं दिसलं. जाऊबाई त्यावरून हात फिरवत होत्या. "तू सावलीत म्हणालीस, म्हणून यांनी मुद्दाम उन्हात टाकायला लावलंय."

पुन्हा एकदा सांगता आलं असतं. मी डोक्यावर पदर घेतला आणि चालू लागले.

फुलोऱ्याच्या दिवसांत ते एक पिवळं झाड घेऊन दारात आले. मुळांवर एकही गाठ नव्हती.

"खोटं सांगितलंस मला."

"नाही, भाऊजी. विहिरीचं सांगितलं होतं, तेवढंच हेही खरं होतं."