डिझेलमधली हवा

माझ्या वडिलांच्या, आण्णांच्या छातीत पहाटेपासून कळा येत होत्या. त्यांच्याच जुन्या जीपमधून आम्ही त्यांना सोलापूरला न्यायला निघालो आणि मोडनिंबच्या अलीकडे, आडरस्त्यावर, थंडीत जीप आचके देत बंद पडली. माझा धाकटा भाऊ दिगू बॉनेट उघडून डिझेलचा पाइप फुंकत बसला.

"लाइनीत हवा शिरलीय," मी म्हणाले. "फिल्टरचा बोल्ट ढिला करून पंप मारावा लागेल. मी करते." आण्णा जीप दुरुस्त करायचे तेव्हा त्यांच्या हाताखाली पाने देता देता मी ते शंभरदा पाहिलं होतं.

"तू खाली उतरू नको," आण्णा धापा टाकत म्हणाले. "बाप्या माणूस असताना पोरगी गाडीत हात घालती, कुणी बघितलं तर काय म्हणंल? दिगूला करू दे की."

रस्त्यावर कुणीच नव्हतं.

"आक्का, तू आण्णांपाशी बस. झालंच हे," दिगू म्हणाला.

मी बसले. अर्ध्या तासानं आण्णा गेले. मग त्यांना घरी न्यायचं म्हणून दिगूनं डोळे पुसले आणि पाना माझ्या हातात दिला.

मला चार मिनिटं लागली.