काना, मात्रा

टेक एक.

"नमस्कार, मी साकेत. आणि ह्या माझ्या..."

"थांब," बादल म्हणाला. त्याच्या आईच्या, जमनीच्या ओढणीवरच्या आरशांत ऊन सापडलं होतं आणि मोबाईलच्या पडद्यावर तिच्या जागी नुसता पांढरा उजेड दिसत होता.

साकेतने तिला हाताने खूण केली. ती अंगणातल्या निंबाखाली सरकून बसली. हल्ली ती साडीच नेसते. आरशांचा घागरा आणि ओढणी आज साकेतच्या सांगण्यावरून पेटीतून निघाली होती. फोटोत तेच कपडे होते ना, म्हणून.

फोटो असा: दारव्ह्याचं मैदान. सीमारेषेबाहेर जमनी, डोक्यावर टोपलं, टोपल्यात अख्ख्या टीमच्या भाकरी. खाली साकेतने लिहिलेलं:

आमच्या टीमची येडी. हाक मारली की पळत येते.

त्यापुढे हसून हसून रडणारे पिवळे चेहरे.

तेव्हा साकेत कॉलेजात होता. आता तो मोठ्या लीगमध्ये खेळत होता, टीव्हीवर दिसत होता. कुणीतरी ही जुनी पोस्ट उकरून काढली आणि ती सगळीकडे फिरली. तांड्यावरच्या बाईला वेडी म्हणणारा हा कसला खेळाडू? संघाने त्याला घरी पाठवलं. उद्या चौकशी होती. तिथे हा व्हिडिओ दाखवायचा होता.

"साधी गोष्ट आहे बे," गाडीतून उतरल्या उतरल्या तो बादलला म्हणाला होता. "तुमच्या बंजाऱ्यांत आईला याडी म्हणतात. मला याडीच लिहायचं होतं. काना द्यायच्या जागी मात्रा पडली. तुम्ही दोघांनी सांगितलं की विषय संपला."

बादलला पटलं. पटलं म्हणजे, कालपासून तो स्वतःला हेच सांगत होता. साकेतच्या जिभेला 'या' कधी जमलाच नव्हता. मैदानाच्या मधूनच तो "येडीऽऽ" अशी हाक मारायचा, पोरं खिदळायची आणि जमनी टोपलं सावरत लगबगीने यायची. "हासता कायले?" ती पोरांना दटावायची. "शहरातलं लेकरू हाय. त्याची जीभ नाही वळत आपल्या बोलीत." हसण्यावरून बादलने एकदा त्यांच्या विकेटकीपरची कॉलर धरली होती. विकेटकीपरची. साकेतची नाही.

जीभ वळली नाही, तशी बोटंही वळली नसतील.

टेक दोन.

"नमस्कार, मी साकेत. ह्या जमनीबाई, माझ्या मित्राच्या आई. मी यांना..."

साकेतच्या खिशातला दुसरा फोन वाजला. वकिलाचा. तो बोलत बोलत गाडीपाशी गेला, पण तांड्यावर दुपारी आवाज लांबवर जातो.

"हो, पोस्ट एवढीच आहे. खालच्या कमेंट मी तेव्हाच उडवल्या. नाही, कोणाकडेच नाहीत."

तो परत आला तेव्हा बादलने विचारलं, "कोणत्या कमेंट?"

"काही नाही रे. पोरं काहीबाही लिहीत होती."

"तू काय लिव्हलं होतं?"

"बादल्या, माझं सगळं करिअर आहे यार यात." साकेतने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "नेट्समध्ये इतकी वर्षं तूच बॉलिंग टाकली ना मले? आता दोन मिनिटं मोबाईल नाही धरता येत?"

जमनी निंबाखालून ओरडली, "काहून भांडून राह्यले रे? घ्या ना लवकर. माह्या लेकरावर कोण आळ घेते, पाहतेच मी." तिला तेवढंच सांगितलं होतं. साकेतवर आळ आला आहे.

आल्यापासून साकेतने तिला एकदाही हाक मारली नव्हती. हे बादलच्या आत्ता लक्षात आलं.

(हा टेक नाही. मोबाईल बंद होता.)

साकेत भिंतीकडे तोंड करून, बॅटिंगला जाण्याआधी पुटपुटायचा तसा पुटपुटत होता. "याडी. मी यांना याडी म्हणतो. याडी. याडी."

जीभ कुठेच अडली नाही. दर वेळी काना जागेवर.

बादल त्याच्या पाठीकडे बघत राहिला.

"चल," साकेत वळून म्हणाला. "घे."

बादलने घेतलं.

टेक तीन.

"नमस्कार, मी साकेत. बंजारा बोलीत आईला याडी म्हणतात. या जमनीबाईंच्या हातच्या भाकरी खाऊन मी खेळाडू झालो. पहिल्या दिवसापासून मी यांना याडीच म्हणत आलो." आवाज किंचित भरून आला. त्याने हात जोडले आणि तिच्याकडे वळला. "हो ना, याडी?"

जमनीचा चेहरा उजळला. मग तिने मान थोडी तिरकी केली. आरसे हलले.

"अगा बाई! जमलं की रे तुले," ती कौतुकाने म्हणाली. "किती साफ म्हटलं." आणि हसता हसताच तिने विचारलं, "मंग इतके वर्स येडी येडी काहून म्हणे रे मले?"

साकेत हसला. कॅमेऱ्याकडे बघून हसला, मग कॅमेऱ्यामागे बघून.

"कट," तो म्हणाला. "बादल्या, कट कर ना."

पडद्याच्या कोपऱ्यात लाल ठिपका लुकलुकत होता. बादलने मोबाईल आणखी जरा घट्ट धरला.

"याडीनं काही विचारलं तुले," तो म्हणाला.